गिटारचा टोन आणि छोटासा कपॅसिटर

इलेक्ट्रिक गिटारचे टोनचे बटण फिरवले की आवाज मऊ का होतो? बटणाला जोडलेला कपॅसिटर आवाजातील तीक्ष्ण भाग ग्राउंडकडे वळवतो; खर्जाचा भाग अँप्लिफायरकडे जातो. कपॅसिटरचे मूल्य जितके मोठे, तितका आवाज दबका. सिंगल कॉइल पिकअपला साधारणतः ०.०२२ किंवा ०.०४७, तर हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरडचा लावतात.

पालकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की मुलाने ‘जुन्या काळचा’ महागडा कपॅसिटर मागितला तर घाई करू नये. मोजलेले मूल्य सारखे असेल, तर कागद-तेलाचा आणि साधा पॉलिएस्टरचा यांतला फरक कानाला कळणे कठीण. वेगवेगळ्या मूल्यांचे दोन-तीन स्वस्त कपॅसिटर आणावेत, लावून ऐकावेत, मग निवडावे. पैसे वाचतील आणि कानही तयार होईल.