आसवनीतला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याची गळती



ऊस काट्यावर गेला, पावती हातात पडली, की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. पण उसाची साखर झाल्यावर मळी उरते, मळीपासून आसवनीत अल्कोहोल होते आणि कारखान्याची भाव देण्याची ताकद त्या उत्पन्नावरही अवलंबून असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. त्यामुळे आसवनीचे महत्त्व आणखी वाढले आहे.

टँकर फाटकाबाहेर पडण्यापूर्वी माल तपासला जातो. मेथेनॉल, अ‍ॅसिटाल्डिहाइड, फ्युजेल ऑईल ही नको असलेली द्रव्ये मालात किती आहेत, हे गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर पाहतात. यंत्र जुने झाले की निकाल जुळेनासे होतात आणि 'मोडीत काढा, नवे घ्या' अशी मागणी सुरू होते. तसे करण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे. ती म्हणजे वायूची गळती.

यंत्र चालते कसे?

वायूच्या साहाय्याने मिश्रण वेगळे करण्याची ही रीत इंग्लंडमध्ये मार्टिन आणि जेम्स या शास्त्रज्ञांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. नमुन्याचा एक मिलिलिटरच्या हजाराव्या भागाएवढा थेंब सुईने यंत्रात सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते. नायट्रोजन किंवा हेलियम हा वाहक वायू ती वाफ वेटोळे केलेल्या बारीक नळीतून पुढे नेतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी नळीबाहेर पडते, हायड्रोजनच्या ज्योतीत जळते आणि कागदावर त्याचा उंचवटा उमटतो. उंचवटा कोणत्या वेळी आला यावरून द्रव्य ओळखायचे आणि तो केवढा आहे यावरून प्रमाण काढायचे.

हा सगळा हिशेब वायूच्या ठरलेल्या प्रवाहावर उभा आहे. वाटेत वायू गळाला, की उंचवट्याची वेळ सरकते. सुईच्या तोंडाशी गळाला, तर नमुनाच थोडा निसटतो आणि एकाच बाटलीतला माल दोनदा तपासला तर दोन उत्तरे येतात. मग चांगला माल अडकून पडतो, नाहीतर सदोष माल बाहेर जाऊन टँकर परत येतो. दोन्हीकडून नुकसान आपलेच!

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आतला दाब जास्त असला, तरी बारीक फटीतून बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन थोडा थोडा आत शिरतोच. तापलेल्या नळीतला लेप त्याने खराब होतो आणि महागडी नळी अकाली निकामी होते.

वायूचाही हिशेब पाहा. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ३० मिलिलिटर या दराने रात्रंदिवस चालवला तर तो सुमारे १६२ दिवस पुरतो. तेवढीच गळती असेल तर ८१ दिवसांत सिलिंडर रिकामा.

गळते कोठे?

पहिला संशय सेप्टमवर. सुई टोचायची ही रबरी चकती रोजच्या टोचण्याने चाळणीसारखी होते. ती ठरावीक टोचण्यांनंतर बदलावीच. त्यानंतर कडक झालेल्या ओ-रिंगा, रेग्युलेटरचा जोड आणि नळीच्या दोन्ही टोकांचे नट व फेरूल पाहावेत.

येथे फिटर लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. गळतंय म्हटलं की पाना घ्यायचा अन् आवळत सुटायचं! त्याने फेरूल चिरडते, आटे जातात आणि गळती वाढते. नव्या धातूच्या फेरूलचा नट हाताने बसवून, एक सूत जाडीच्या नळीला पाऊण फेरा आणि दोन सुती नळीला सव्वा फेरा द्यायचा. ग्रॅफाइटच्या फेरूलला पाव ते अर्धा फेरा पुरे. अशा जोडांवर टेफ्लॉनची टेप लावू नये.

शोधायची रीत

उपसा सिंचनाची पाइपलाइन फुटली तर आपण सगळी चर उकरत नाही. एकेक व्हॉल्व्ह बंद करून कोणता भाग गळतो ते पाहतो. येथेही रीत तीच. आधी यंत्र थंड करायचे. पुढचे तोंड टोपणाने बंद करून वायूचा दाब भरायचा, सिलिंडर बंद करायचा आणि काटा पाहायचा. काटा उतरला तर टोपण एकेक जोड मागे आणत जायचे. ज्या जोडाच्या मागे टोपण नेल्यावर काटा स्थिर राहतो, तोच दोषी. मात्र संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे २० अंश तापमान असेल, तर गळती नसतानाही दाब सुमारे तीन टक्के उतरतो. म्हणून दाबाबरोबर खोलीचे तापमानही लिहावे.

साबणाचा फेस सिलिंडर व रेग्युलेटरच्या बाजूला चालेल, पण नंतर तो पुसून काढावा. यंत्रातल्या जोडांवर तो लावू नये. फटीतून साबण आत गेला की पुढचे निकाल बिघडतात. तेथे वायुगळती दाखवणारे हातातले उपकरण वापरावे.

हायड्रोजनशी खेळ नको

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही आणि त्याची ज्योतही जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ टक्के झाला तरी तो पेट घेऊ शकतो. नळी काढलेली असताना हायड्रोजन चालू राहिला, तर तो भट्टीत साठतो आणि भट्टी सुरू करताच स्फोट होऊ शकतो. म्हणून नळी काढण्यापूर्वी हायड्रोजन बंद करून ज्योतीकडचे तोंड टोपणाने बंद करावे. हा वायू हलका असल्याने वर जातो. तेव्हा खोलीला छताजवळ झरोका हवा. प्रयोगशाळेत काम करणारी मुले आपल्याच घरची आहेत, हे विसरू नये.

यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले किंवा मुख्य भागाचेच आटे गेले, तर नवे यंत्र घ्यावेच लागेल. तोवर सेप्टम, फेरूल आणि ओ-रिंग या किरकोळ किमतीच्या वस्तू वेळेवर बदलणे आणि त्यांची तारीखवार नोंद ठेवणे हेच शहाणपणाचे. वार्षिक सभेत नव्या यंत्राचा विषय आला, तर सभासदांनी जरूर विचारावे : दाब धरून पाहिला का? नोंदवही कोठे आहे?