तलफ आणि मनातील चित्र

तंबाखू सोडू पाहणाऱ्या मुलाला घरातील वडीलधारे ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगतात. परंतु कॅव्हॅना, अँड्रेड व मे या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या सिद्धांतानुसार, क्षणभर चमकलेल्या विचाराला मन रूप, गंध व चव देऊन फुलवते आणि तलफ बळावते. मग डोळ्यांपुढील ती जागाच दुसऱ्या चित्राने व्यापली तर?

प्लिमथ विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात ३१ तरुणांपैकी १५ जणांनी आठवडाभर, विचारणा होताच तीन मिनिटे ‘टेट्रिस’ हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळला. खाद्यपेये, सिगारेट, मद्य अशा नाना गोष्टींच्या तलफेची तीव्रता सरासरी ७० वरून ५६ टक्क्यांवर आली. अभ्यास लहान, उतारही माफक. व्यसनमुक्तीचा उपचार म्हणून याकडे पाहणे उतावळेपणाचे ठरेल. मात्र आठवडाअखेरीसही खेळाचा परिणाम ओसरला नव्हता.