दुखणं थांबलं म्हणजे मुतखडा गेला असं नाही! मोठ्या खड्यावर उपचार कसे होतात?

दिवसभर रानात घाम गाळायचा आणि पाणी मात्र तांब्याभरच प्यायचं. अशाने लघवी घट्ट होते, त्यातले क्षार साचतात आणि मुतखडा तयार होतो. मग कुणी पानफुटीची पानं सांगतं, कुणी हुलग्याचं कढण. ५ मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतातही. मात्र खडा १० मिलिमीटरच्या पुढे गेला, की तो आपोआप पडण्याची शक्यता फारच कमी असते.

खरा धोका कुठे?
मोठा खडा न दुखताही किडनीत बसून राहतो. त्यामुळे लघवी तुंबली तर किडनीला सूज येते आणि ती हळूहळू निकामी होऊ शकते. कळ थांबली तरी सोनोग्राफी करून घ्यावी.

निदान कसं होतं?
आधी सोनोग्राफी होते. खड्याचा नेमका आकार आणि जागा सीटी स्कॅनमध्ये कळते. रक्तातलं क्रिएटिनिन किडनीचं काम सांगतं, तर लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग समजतो. संसर्ग असेल तर आधी त्यावर औषध, मग ऑपरेशन.

कोणतं ऑपरेशन?
किडनीतला खडा २० मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर बहुधा 'पीसीएनएल' करतात. पाठीला साधारण एक सेंटीमीटरचं छिद्र पाडून दुर्बीण किडनीत नेतात आणि खडा फोडून तुकडे बाहेर काढतात. त्याहून लहान खडे लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेसरने किंवा बाहेरून लहरी देऊन फोडता येतात. पोट उघडून ऑपरेशन आता क्वचितच लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

स्टेंट विसरू नका
ऑपरेशननंतर अनेकदा आत 'डीजे स्टेंट' नावाची बारीक नळी ठेवतात. ती ठरल्या तारखेला काढलीच पाहिजे. बरं वाटतंय म्हणून तशीच राहू दिली तर तिच्यावरच खडे धरतात.

तातडीने दवाखाना गाठा
कळ येत असताना थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबत नसतील तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीतला संसर्ग जिवावर बेतू शकतो.

खर्चाचं काय?
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या आणि मीठ कमी करा. दूध मात्र मनाने बंद करू नका.