उसाच्या मुलखातले इंधन आणि रॅलीची मोटार

बीदर, भालकी, हुमनाबाद या सरहद्दीवरच्या मुलखात गळिताच्या दिवसांत मळीचा आंबूस दर्प कोणास अपरिचित नाही. परंतु त्याच मळीपासून निघणारे इथेनॉल रॅलीच्या मोटारीस अधिक बळ देऊ शकते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. वरकरणी हा घाट्याचाच सौदा दिसतो, कारण किलोमागे पेट्रोल सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा देते, तर इथेनॉल अवघी २७. तथापि एक किलो पेट्रोल जाळण्यास १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलास केवळ ९. सबब सिलिंडरात शिरलेल्या तितक्याच हवेत अधिक इंधन खपते, आणि बाष्पीभवनाच्या वेळी ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषीत असल्यामुळे कलबुर्गीच्या वैशाखातही आत येणारी हवा थंड, म्हणून घन, राहते. ऑक्टेन शंभरापलीकडचा, तेव्हा टर्बोचा दाब वाढविला तरी इंजिन ठोके देत नाही. अमेरिकेतील इंडीकार शर्यती २००७ साली इथेनॉलवरच धावल्या, त्या उगीच नव्हेत.

पंपावरचे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, भरून मात्र हा लाभ पदरी पडेल, अशी भाबडी आशा बाळगू नये. ट्यूनिंग न बदलता मायलेज तेवढे घटते. खरा लाभ हवा तर ई-८५, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन, भरावे लागते; त्याकरिता इंजेक्टर व पंप मोठे हवेत, खप सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि टाकीचे वजनही. शिवाय हे द्रव्य हवेतील ओल ओढते व साधे रबर फुगविते, म्हणून रॅली आटोपताच टाकी रिती करून इंजिन थोडा वेळ पेट्रोलवर फिरवून घ्यावे.