दाण्यात लोह कुठे असतं?

पोळी मऊ व्हावी म्हणून आपण कणीक बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा गुरांना घालतो. त्या कोंड्याबरोबर काय जातं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचं गोल यंत्र आहे. त्याचा घेर सुमारे १७२ मीटर. आत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात, तेव्हा त्यांच्यातून अतिशय प्रखर प्रकाश बाहेर पडतो. हाच सिंक्रोट्रॉन प्रकाश. त्यात क्ष-किरणही असतात. औषधांपासून बॅटरीपर्यंत अनेक गोष्टी त्याने तपासतात.

परदेशांतल्या अशा यंत्रांवर गहू-तांदळाचे दाणेही तपासले गेले. दाण्याच्या पातळ कापावर बारीक क्ष-किरण सोडला की लोहाचा अणू आपल्या खुणेचा किरण परत देतो, जस्ताचा अणू वेगळा देतो. अशा एकेका ठिपक्याने नकाशा तयार होतो. त्यात दिसलं, की लोह बाहेरच्या थरात आणि कोंबाच्या भागात जास्त असतं, आतल्या पांढऱ्या भागात फारच कमी. मैदा करताना, तांदूळ पॉलिश करताना नेमकं तेच निघून जातं.

मात्र कोंड्यातलं लोह फायटेट नावाच्या घटकाने बांधलेलं असतं, ते सगळं अंगी लागत नाही. म्हणून कोंडा कणकेतच राहू द्या, कडधान्यांना मोड आणा, जेवणात लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. अंगात रक्त कमी असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र सोडू नका हं!