मला ॲटिट्यूड नाही हो!

मैत्रिणींनो, आमच्या कुपवाडला एमआयडीसी आहे. त्यामुळे गल्लीतल्या बऱ्याच मुली कंपन्यांच्या ऑफिसात नोकरीसाठी अर्ज टाकतात. टॅली येतं, टायपिंग येतं. गाडी अडते ती 'स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा' इथं.

शेजारच्या मुलीला मुलाखतीत विचारलं, तुमचा कामाबद्दलचा ॲटिट्यूड कसा आहे? ती घाईघाईनं म्हणाली, "नाही सर, मला अजिबात ॲटिट्यूड नाही!" सगळे हसले, पोरगी रडवेली होऊन घरी आली. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे 'तिला लई ॲटिट्यूड आहे' म्हणजे ती शिष्ट. इंग्रजी बोलण्यातही कधी तसा अर्थ निघतो, पण मुलाखतीत त्याचा अर्थ साधा, दृष्टिकोन.

'पर्सनॅलिटी'चंही तसंच. आपल्याला उंची आणि रुबाब आठवतो. इंग्रजीत तो मुख्यतः स्वभाव. लग्नाच्या बायोडाटात 'होमली' हमखास असतं. आपल्या मनात असतं 'घर सांभाळणारी', पण अमेरिकेत त्याचा अर्थ 'दिसायला बेताची'! तिकडच्या स्थळाला बायोडाटा पाठवताना जपून.

आणि तो 'ॲडजस्टिंग'! मुलाच्या बायोडाटात कधी वाचलाय? घरात पडतं घेणं आपण मुलींना शिकवतो आणि तेच नोकरीच्या अर्जातही लिहायला लावतो. तिथं 'को-ऑपरेटिव्ह' म्हणावं, म्हणजे सगळ्यांबरोबर मिळून काम करणारी. न भांडता आपलं म्हणणं ठामपणे मांडणारी ती 'असर्टिव्ह'. आपण मात्र तिला पटकन 'आगाऊ' म्हणून मोकळ्या होतो.

आपली मराठी यात कमी नाही बरं का! मनमिळाऊ, खमकी, फटकळ, सोशिक, आतल्या गाठीची... किती छटा! 'भिडस्त'ला इंग्रजीत नेमका एक शब्द सापडत नाही. 'शाय' म्हणजे लाजाळू. भिडेपोटी नाही म्हणता न येणं त्यात कुठं येतं?

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. स्पेलिंगं पाठ होतात, शब्दाचा रोख कळायचा राहतो. म्हणून लेकीला आधी मराठीत विचारा, 'तू कशी आहेस गं?' मग तिच्या उत्तराला इंग्रजी शब्द शोधा आणि जोडीला एक प्रसंग सांगायला लावा. 'हार्डवर्किंग' सगळ्याच सांगतात. 'आई आजारी असताना घर सांभाळून परीक्षा दिली' हे मात्र तिचं एकटीचं असतं.