आधी बँड ऐकू द्या!

पुढच्या २६ जानेवारीला टीव्हीसमोर बसाल तेव्हा एक करा. राष्ट्रगीत सुरू झालं की पडद्यावरचे चेहरे बघू नका, तोफा मोजा. पहिल्या सुराला पहिली तोफ आणि राष्ट्रगीत संपता संपता एकविसावी. राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं, सलामी २१ तोफांची, आणि दोन्हींचा मेळ असा बसवलेला की बँड थांबतो तिथेच तोफाही थांबतात. २०२३ पासून ही सलामी जुन्या ब्रिटिश २५ पौंडी तोफांऐवजी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी दिली जाते. एवढा बारीक हिशेब आपण बहुतेक वेळा चहाचा कप हातात घेऊन नुसता बघून सोडून देतो.

राष्ट्रगीताच्या वेळी निवेदक गप्प असतात, म्हणून तोफा तरी ऐकू येतात. बाकी संचलनात काही वाहिन्यांवर बँड समोरून जात असतो आणि निवेदक मात्र पाहुण्यांची यादी वाचत असतो. अगदीच कुठे सूर लागला, की जाहिरात. माझं एक प्रेक्षक म्हणून ठाम मत आहे: अशा सोहळ्यात छाती भरून येते ती कानांमुळे. चित्ररथ, रणगाडे, विमानं डोळे दिपवतात, पण अंगावर काटा येतो तो ड्रमच्या पहिल्या ठोक्याला.

वळच्या कानांना कमी लेखू नका

आमचं वळ गाव भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यातलं. मानकोली, दापोडा, अंजूरफाटा या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर. गावची वस्ती आगरी, आणि गोदामांत हमाली, पॅकिंग, ड्रायव्हिंग करणारी माणसं देशभरातली. आगरी माणसाला वाद्याची समज कोणी शिकवावी लागत नाही. हळदीला बँजो नाही असं लग्न इथे शोधून सापडणार नाही, आणि लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणींचा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला त्यांना सूर कधी घसरला ते लगेच कळतं. बँजो पार्टीतली पोरं एखादी धून दोनदा ऐकतात आणि तिसऱ्यांदा वाजवतात. अशा घरातली म्हातारी टीव्हीसमोर बसून निवेदकालाच सांगते, “जरा आयकू दे ना, पोरा!” तेव्हा तिचं म्हणणं वाहिन्यांनी मनावर घ्यायला हवं.

इथल्याच एका गोदामाच्या गेटवर झेंडावंदनाला राष्ट्रगीत मोबाइलवरून स्पीकरवर लावलं होतं. सगळे सावधान. आणि स्पीकरवर आली साबणाची जाहिरात! मोबाइलवाला पोरगा घाईघाईने बोटं मारायला लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका वयस्कर हमालाने स्वतःच राष्ट्रगीत सुरू केलं. त्याची पट्टी जरा खालची होती. पण बिहारचा ड्रायव्हर, ओडिशाचा पॅकर, गावचा वॉचमन, सगळ्यांनी ती उचलली. इतकं भरदार राष्ट्रगीत मी कुठल्याही स्पीकरवर ऐकलेलं नाही. ते ५२ सेकंदांत संपलं नाही, थोडं रेंगाळलं, आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

घरात उभं राहायचं का?

दरवर्षी घराघरांत हा वाद होतो, म्हणून नियम सांगून टाकते. गृह मंत्रालयाच्या आदेशात म्हटलंय की बातमीपटात किंवा माहितीपटात चित्रणाचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं, तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही, कारण त्याने गोंधळ होईल. सिनेमागृहांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत सुरू झालं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ ला सक्ती काढून ऐच्छिक केलं. आमच्या घरात टीव्हीसमोर सगळे उभे राहतात. कोणाची सक्ती नाही. पण शेजारी कोणी बसून राहिलं, तर त्याच्या देशप्रेमाचं माप काढायचं नाही, हेही आमच्या घरात ठरलेलं आहे. राष्ट्रगीताची एक छोटी आवृत्तीही आहे, पहिल्या आणि शेवटच्या ओळींची, सुमारे २० सेकंदांची. ती काही ठरावीक प्रसंगीच वाजते.

पुणतांब्याचा सूर विजय चौकात

माझा सगळ्यात आवडता सोहळा २६ चा नाही, २९ जानेवारीचा. संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होतो. पूर्वी सूर्यास्ताला बिगूल वाजला की लढाई थांबवून सैनिक छावणीत परतत, त्या प्रथेवरून हा सोहळा आला. भूदल, नौदल, वायुदल आणि निमलष्करी दलांचे बँड एकामागून एक येतात, रायसिना टेकडीच्या चढावर उंटांवरचे जवान पुतळ्यासारखे स्थिर उभे असतात. शेवटी बँडप्रमुख राष्ट्रपतींकडे येऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत सगळे चढाने परत जातात. मग राष्ट्रपती भवन दिव्यांनी उजळतं.

इथे आधी वर्षानुवर्षं ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी प्रार्थनागीत वाजायचं. गांधीजींचं ते आवडतं. २०२२ मध्ये ते वगळलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून आली. २०२३ मध्ये तर सगळ्याच धुना भारतीय होत्या. यावर लोक दोन बाजूंना उभे राहून भांडतात. मी सरळ सांगते: नवी धून आली त्याचा मला मनापासून आनंद आहे, आणि गांधीजींची आवडती प्रार्थना गेली याचं दुःखही आहे. दोन्ही वाजवता आल्या असत्या. संध्याकाळ तेवढी मोठी असते.

आणि त्या नव्या धुनेचा जनक कोण? सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर. जन्म १९१८, अहिल्यानगर जिल्ह्यातलं पुणतांबे. ‘शोला जो भडके’सारखी नाचरी गाणी देणारा हा माणूस. १९६२ च्या युद्धानंतर कवी प्रदीप यांचे शब्द त्याने सुरात बांधले आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकरांनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं. महाराष्ट्रात टीव्ही यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तरीही गाणं घरोघर पोचलं. गाण्याचं मानधन वीरपत्नींना द्यायचं असं कलाकारांनी ठरवलं होतं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला त्यापोटी १० लाख रुपये भरायला सांगितले. देशप्रेमाच्या गाण्याचा पैसा कुठे जातो हेही प्रेक्षकांनी विचारायलाच हवं.

विजय चौकात ही धून वाजली त्यानंतर आठव्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, लतादीदी गेल्या. शिवाजी पार्कवरचा तो अंत्यविधी देशाने टीव्हीवर पाहिला.

एक सतार, तीन आठवणी

‘सारे जहाँ से अच्छा’ची आज वाजते ती चाल पंडित रविशंकर यांची. दूरदर्शनचं चिन्ह गोल गोल फिरत यायचं, त्यासोबतची धूनही त्यांची. आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडचं स्वागतगीतही त्यांचंच, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. एशियाड म्हणजे आपल्याकडच्या रंगीत टीव्हीचा पहिला मोठा सोहळा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झालं होतं. महाराष्ट्रात ‘एशियाड’ म्हटलं की आधी एसटी आठवते, त्याचं कारणही हेच. दिल्लीत त्या स्पर्धांसाठी धावलेल्या गाड्यांवरून एसटीच्या निमआराम गाडीला हे नाव पडलं. दादर-पुणे एशियाडने गेलेल्या पिढीला सोहळा विसरला तरी गाडी विसरत नाही.

‘आभाळमाया’वाले पत्की

१५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा लागलं. भैरवीत सुरुवात करतात पंडित भीमसेन जोशी. शब्द पीयूष पांडे यांचे. आणि संगीत? अशोक पत्की. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या मालिकांची शीर्षकगीतं ज्यांनी आपल्या घरात रोज संध्याकाळी वाजती ठेवली, तेच. भारताची एकात्मता गाणाऱ्या या सुरांमागे मराठी माणूस आहे हे कित्येक मराठी घरांना ठाऊक नाही, कारण पडद्यावर चेहरे दिसत राहिले, संगीतकाराचं नाव कोणी ठसवलंच नाही.

‘वंदे मातरम्’चीही हीच गत. ७ नोव्हेंबर २०२५ ला या गीताच्या १५० वर्षांचा सोहळा सुरू झाला, पण टीव्हीवरच्या चर्चांत दोन मराठी गायकांची आठवण फार थोड्यांनी काढली. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ते गात होते. अध्यक्षांनीच हरकत घेतली, तरी ते थांबले नाहीत, गीत पूर्ण करूनच बसले. दुसरे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. हे गीत बँडवर वाजवता येत नाही, असा त्याच्या विरोधातला आक्षेप होता. मास्टरांनी बँडला जमेल अशी चाल बांधली आणि दिल्लीला जाऊन प्रत्यक्ष ऐकवून दाखवली. २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला तोच मान मिळाला. एका गायकाने एका सुरासाठी केलेली ती धडपड शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

चटकन, हातासरशी

२०१५ मध्ये पंढरीची वारी आणि २०१८ मध्ये शिवराज्याभिषेक, दोन्ही वेळा महाराष्ट्राचा चित्ररथ दिल्लीतल्या २६ जानेवारीच्या संचलनात पहिला आला. २०२३ ला साडेतीन शक्तिपीठं दुसरी.

२०२४ चं संचलन शंभरावर महिलांनी शंख, नादस्वरम, नगारा वाजवून सुरू केलं. २०२५ ला तीनशे लोककलावंत होते आणि त्यांत तुतारी, ताशा, संबळ, सोलापूरची सुंदरीही होती. संबळ कर्तव्यपथावर! गोंधळ्यांच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल, कोणी कॅमेरा घेऊन जायला हवं होतं.

ऑलिंपिकमध्ये पदक मिळालं की झेंडा तिघांचा चढतो, राष्ट्रगीत मात्र फक्त सुवर्णवाल्याचं. म्हणून १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीचं कांस्य जिंकलं तेव्हा तिरंगा दिसला, पण सूर दुसऱ्या देशाचे होते. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी आपलं राष्ट्रगीत आजवर दोनदाच वाजलं: २००८ ला अभिनव बिंद्रा, २०२१ ला नीरज चोप्रा.

२ नोव्हेंबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी सुनिधी चौहानने राष्ट्रगीत गायलं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, आणि आपल्या मुली जिंकल्या तेही ५२ धावांनी!

‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे. शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. अधिकृत आवृत्ती १ मिनिट ४१ सेकंदांची. १ मेला ही तीन नावं गीताआधी मोठ्याने घ्यावीत, असं मला वाटतं. वेळ पाच सेकंद लागेल.

झेंड्याचं कापड आणि आमचे माग

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. पण राष्ट्रध्वज वर्षानुवर्षं फक्त हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच चालायचा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत असे ध्वज तयार होतात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालू लागलं. जुलै २०२२ च्या बदलाने लोकांना घरावर रात्रीही झेंडा ठेवता येतो. मागवाल्यांच्या हाताला काम मिळालं तर ते मला हवंच आहे. पण ग्रामपंचायतीच्या खांबावर चढणारा तिरंगा खादीचाच असावा, त्यात कातणाऱ्या बाईच्या हाताचे तास असतात. आणि स्वस्त झेंडे १६ ऑगस्टला गटारात दिसतात ते आधी थांबवू. फाटलेला, मळलेला ध्वज एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करायचा, हे संहितेतच लिहिलंय.

आता वाहिन्यांना एवढंच मागणं. बँड वाजतो तेवढा वेळ बोलू नका. खालच्या पट्टीवर धुनेचं नाव, संगीतकाराचं नाव आणि त्याचं गाव मराठीत लिहा. आणि वाचकहो, २९ जानेवारीच्या संध्याकाळी पोरांना टीव्हीसमोर बसवा, मोबाइल बाजूला ठेवायला सांगा, आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून लागली तर त्यांना सांगा, ही पुणतांब्याच्या माणसाची आहे.